उंबऱ्याबाहेर

"ओठ जरा वर धरा, मावशी," जनावरांची डॉक्टर म्हणाली.

मावशींनी बटणचा ओठ वर केला आणि मान फिरवली. दाढांवर कीटणाचे थर चढले होते, हिरड्या लालभडक, पुढचे दोन दात हाताला हलत होते. एवढंसं कुत्रं, पण हूं की चूं केलं नाही.

"जेवतोय का?"

"जेवतो की. कडक बिस्कीट तेवढं सोडलं. म्हटलं, म्हातारपणी नखरे सुचतायत. मग दुधात भिजवून देत गेले."

"लहान कुत्र्यांच्या दातांची दाटी असते, घाण अडकून बसते. नखरे नव्हते हे, ठणकत होतं त्याला. घरी कुणाला वास नाही आला?"

उत्तर सोबत आलेल्या मावशींच्या धाकट्या बहिणीनं दिलं. "हिला विचारा. एकतीस वर्षं दातांच्या दवाखान्यात कवळ्या घासून चमकवतेय. दिव्याखाली अंधार, डॉक्टर, दुसरं काय."

"भूल देऊन खराब दात काढावे लागतील," डॉक्टर एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

वास आला होता. वर्षभर येत होता. देवापुढे असली दुर्गंधी नको, म्हणून मावशींनीच त्याचं अंथरूण देवाच्या खोलीतून काढून पडवीत टाकलं होतं. तो आत आला की बोट उगारायचं, "बाहेर." चार दिवसांत शिकला. रोज सकाळी त्या डोळे मिटून हात जोडायच्या, आणि उंबऱ्यापलीकडे तो पंजानं तोंड घासत बसायचा. ते घासणं ऐकू येऊ नये, म्हणून त्या स्तोत्र मोठ्यानं म्हणायच्या.

"वय झालंय. भुलीतून उठेल ना हो?"

"प्रयत्न करू."

बाकावर दोन तास गेले. मावशींनी एकदा हात जोडले नि सोडले. कोणत्या तोंडानं मागायचं?

"अगं, म्हण ना काहीतरी," बहीण हळूच म्हणाली.

"तू म्हण."

नऊ दात काढले. बटण उठला. संध्याकाळी घरी आल्यावर मावशींनी अंथरूण धुवून देवाच्या खोलीत जुन्या जागी घातलं, दिवा लावला.

"ये रे, बाळा."

तो उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. त्यांनी हात पुढे केला तसा दोन पावलं मागे सरला, त्या बोटाकडे बघत.

मावशींनी हात पदराखाली घेतला. मग अंथरूण उचलून उंबऱ्याबाहेर आणलं, त्याच्याशेजारी फरशीवर बसल्या, आणि तिथूनच, अगदी हळू आवाजात, स्तोत्र सुरू केलं.