अकरा कोपरे

शेजारच्या देशाने प्रदर्शनासाठी दिलेली गाण्यांची जुनी वही संग्रहालयात आली, तेव्हा ती स्वच्छ करायचं काम माझ्याकडे आलं. तीस वर्षांनी दोन्ही देशांत होणारी ही पहिलीच देवाणघेवाण. पाहुण्यांच्या वस्तूला काही कमी पडू नये, म्हणून मी जरा जास्तच जीव लावला. अकरा पानांच्या कोपऱ्यांवर काळे, फिसकटलेले डाग होते. भिंगाखाली, कोरड्या स्पंजाने, तीन दिवस ते पुसले आणि नोंदपत्रात लिहिलं : 'घाण काढली. पाने ७ ते १७.'

मग त्यांचे बुकबाइंडर वही तपासायला आले. सत्तरीचे, आमची भाषा रेडिओवरच्या बातम्या ऐकून शिकलेले.

"नमस्कार. ठळक बातमी काय?" असं म्हणून हसले आणि थेट नववं पान उघडलं. कोपऱ्याकडे गेलेलं बोट तिथंच थांबलं.

"इथे माझी आई होती."

मग त्यांनी सांगितलं : त्यांच्याकडच्या गायिकांना लिहिता येत नसे. जिने जे गाणं सांभाळायचं पत्करलं, तिने त्या गाण्याच्या पानावर काजळीचा अंगठा उमटवायचा. आईचा फोटो नव्हता, अक्षर नव्हतं. होता तो एवढाच अंगठा.

माझ्या वरिष्ठ मॅडम चटकन म्हणाल्या, "जुना कागद आहे काका, डाग उडतात." आणि मला डोळ्यांनी दटावलं. काकांनी वही परत नेली तर प्रदर्शन बारगळणार होतं, आणि माझी नोकरी अजून कच्ची होती.

काकांनी नोंदपत्र उचललं. "घाण. हा शब्द बातम्यांत येत नाही. घाण म्हणजे?"

"म्हणजे... धूळ," मॅडम म्हणाल्या.

मी नोंदपत्रावरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं. "धूळ नाही, काका. जे कुणालाच नको असतं, ते. मी पुसलं. न विचारता."

त्यांनी पुसलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"पुसण्याआधीचे फोटो आहेत," मी म्हणाले.

"फोटोवर तिचे बोट लागलेले नाही." त्यांनी पेन्सिल घेऊन 'घाण' खोडलं. "इथे 'अंगठे' लिहावे. आपले नावही."

मी तो शब्द लिहिला आणि खाली माझं नाव.

"वही राहील. लोकांनी पाहावी. पण आम्ही पुढची वही देण्याआधी आपण आमच्याकडे यावे. दोन गायिका अजून आहेत. काय पुसायचे, ते त्या सांगतील."

"चहा सांगते हं," मॅडम पुटपुटल्या.

काकांनी मान हलवून नको म्हटलं, खुर्ची ओढून नवव्या पानासमोर बसले आणि आम्हा दोघींना बाहेर थांबायला सांगितलं.