पोटावरची खोटी चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी तपकिरी काचेची बाटली आहे आणि माझा कोणावरही विश्वास नाही. झाकण उघडणाऱ्या हातावर नाही, आणि 'अगदी थोडंसंच घेते हं' म्हणणाऱ्या तोंडावर तर मुळीच नाही. तुम्ही मन लावून ऐकता आहात असं दिसतं, पण तेही मी जरा तपासूनच घेणार आहे.

काचेच्या कारखान्यात माझा जन्म झाला. सुरुवातीला माझ्या पोटात खोकल्याचं औषध होतं. ते संपलं, तेव्हा मी एका पॉलिशवाल्यांच्या घरात होते. खाली जुन्या लाकडी सामानाला पॉलिश करण्याचं दुकान आणि वर बिऱ्हाड. घरातले म्हातारे आबा म्हणाले, "टाकू नका, चांगली जाड काच आहे." त्यांनी मला गरम पाण्यानं धुतलं, वाळवलं आणि माझ्यात लिंबाच्या सालीचं तेल भरलं. हे तेल उजेडात आणि हवेत बिघडतं आणि बिघडलं की कातडीला जास्तच झोंबतं, म्हणून त्याला गडद काच आणि घट्ट झाकण लागतं. एवढं आबांचं बरोबर होतं, हे मी नाइलाजानं मान्य करते.

फक्त माझ्या पोटावरची औषधाची चिठ्ठी त्यांनी तशीच ठेवली. त्या दुकानाची रीतच तशी होती. स्पिरिट सरबताच्या बाटलीत आणि जवसाचं तेल शाम्पूच्या बाटलीत. कोणी विचारलं तर आबा स्वतःच्या नाकावर टिचकी मारत म्हणायचे, "हे शाबूत आहे ना? मग वाचत कशाला बसायचं?" त्यांची थोरली सून दुकान सांभाळायची. तीही डोळे मिटून, वासावरून हवी ती बाटली उचलायची.

कामाला मात्र मी एक नंबर होते. कपाटावर चिकटलेल्या स्टिकरचा डिंक, खुर्चीच्या हातावरचा वर्षानुवर्षांचा मळ, सगळं माझ्या चार थेंबांत सुटायचं. पॉलिशमध्ये माझं तेल मिसळलं की दुकानभर सुवास पसरायचा. लोक कौतुक करायचे आणि मी मनात म्हणायचे, आता हा काहीतरी मागणार. तसंच व्हायचं. एक गिऱ्हाईक म्हणालं, "लिंबाचंच तर आहे, यात काय अपाय असणार!" आणि थर्मोकोलच्या कपात माझं तेल घेऊन निघालं. दारापर्यंत पोचेस्तोवर कपाचा तळ विरघळला आणि तेल साहेबांच्या बुटात गेलं. मला फार बरं वाटलं.

थोरलीनंही एकदा गंमत म्हणून माझं तेल मनगटावर चोळलं आणि दिवसभर उन्हात टेबलं घासत बसली. दुसऱ्या दिवशी मनगट भाजल्यासारखं लाल झालं. पुढे तिथे काळा डाग पडला, तो किती महिने जाता जाईना. या तेलाचं आणि उन्हाचं कातडीवर पटत नाही, हे तिला तेव्हा कळलं.

पण माझा सगळ्यात जास्त संशय होता धाकट्या सुनेवर. ती कपडे शिवण्याच्या कारखान्यात कामाला होती आणि दुपारी जेवायला घरी यायची. तिला प्रत्येक गोष्ट हुंगायची खोड. दूध हुंगायची, टॉवेल हुंगायची, दुकानात डोकावली की माझंही झाकण उघडायची, नाकाशी धरायची आणि घट्ट बंद करायची. ही बाई कधीतरी मला पदराआड लपवून नेणार, अशी माझी खात्री होती. मी तिच्यावर पाळतच ठेवली होती.

मग तो दिवस आला. आदल्या दिवशी थोरलीनं स्टीलच्या डब्यावरचा डिंक काढायला मला वर स्वयंपाकघरात नेलं होतं. "उद्या नेते खाली," असं म्हणून तिनं मला फडताळात ठेवलं. या 'उद्या'वर माझा कधीच भरवसा नव्हता. घरात सर्दीची साथ होती. आबांचं नाक पार बंद होतं आणि थोरलीची चार वर्षांची मुलगी, चिमी, खोकून खोकून हैराण झाली होती. थोरलीला टेबल पोचवायला जायचं होतं. जाताना ती म्हणाली, "आबा, हिचं औषध फडताळात आहे. एक चमचा द्या."

आबांनी फडताळ उघडलं. समोर मी. त्यांनी सवयीनं मला हुंगलं, पण नाकाला काहीच कळलं नाही. तेव्हा त्यांनी चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका बाटलीवरची चिठ्ठी अक्षर न् अक्षर वाचली. खोकल्यासाठी. मुलांना एक चमचा.

मित्रांनो, बाटलीला ओरडता येत नाही. मी त्यांच्या हातातून निसटायचा प्रयत्न केला, पण म्हाताऱ्याची पकड कामगाराची होती. चमचा भरला. चिमीनं आ केला.

"झोंबतंय!" ओठाला लागताच ती रडायला लागली.

"औषध आहे बाळा, झोंबायचंच. गीळ बघू पटकन."

तेवढ्यात दारातून आवाज आला. "आबा, लिंबाचा वास कुठून येतोय?" धाकटी चपला न काढताच आत धावली. तिनं आबांच्या हातातला चमचा काढून घेतला, हुंगला आणि मोरीत उलटा केला. चिमीचं तोंड पुसत तिनं डॉक्टरांना फोन लावला.

"ओकारी काढायला लावू नका," डॉक्टर म्हणाले, "तेल छातीत जाऊ शकतं. तोंड धुवा आणि बाटली घेऊन लगेच या."

माझी पाळत जिच्यावर होती, तिनंच एका हातात मला आणि कडेवर चिमीला घेतलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी चिमीची छाती तपासली, चार तास बसवून ठेवलं. ओठाला लागलं तेवढंच, पोटात काही गेलं नव्हतं. चिमी घरी आल्यावर आबांनी तिला जवळ घेतलं. ते एकच वाक्य बोलत राहिले, "मी वाचून दिलं गं. वाचून दिलं."

मला त्या क्षणी फार लाज वाटली. मी साऱ्या जगावर संशय घेत बसले होते आणि खोटं तर माझ्याच पोटावर चिकटलेलं होतं. इतरांचे डिंक मी आयुष्यभर सोडवले, माझा कोणी सोडवला नाही आणि मलाही त्याचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी धाकटीनं खिडकी उघडली, हातमोजे घातले, फडक्यावर माझेच चार थेंब घेतले आणि ती चिठ्ठी घासून काढली. आबांनी नवी लिहिली, ठळक अक्षरात: 'लिंबाच्या सालीचं तेल. पिऊ नये. लावून उन्हात जाऊ नये. विस्तवापासून लांब.' मग रात्रीच्या जेवणाआधी दुकानातल्या प्रत्येक बाटलीला खरी चिठ्ठी मिळाली आणि आम्हा सगळ्यांना कुलपाचं कपाट.

मित्रांनो, वास सुंदर आहे म्हणून विश्वास ठेवू नका, फळाचं आहे म्हणूनही नको. आणि एका बाटलीतलं दुसरीत भरलंत, तर तिचं जुनं नाव आधी काढा. चिमी आता मोठी झाली आहे. अजूनही आबा साधं पाणी पुढे करतात, तेव्हा ती पेल्याकडे बघून विचारते, "हे नक्की पाणीच आहे ना?" आबा रागावत नाहीत. ते आधी स्वतः एक घोट पितात आणि मग पेला तिच्या हातात देतात.