नाचणाऱ्या मुलीचा दुसरा सिनेमा

भानुदासांनी खिरीची वाटी टीपॉयवर आपटली.

“शी! बंद कर ते, रेवा.”

टीव्हीवर एक बाई जिन्यात बसून ओकत होती. लिपस्टिक हनुवटीपर्यंत फिसकटलेली, मांडीवर बाटली. ओकून झाल्यावर तिने बाहीला तोंड पुसलं आणि ती हसली.

“बाबा, ही तीच आहे. आईच्या सिनेमातली नाचणारी मुलगी. मोठी झाल्यावरचं काम.”

आईचा सिनेमा म्हणजे एक जुना इंग्रजी विनोदी सिनेमा, गाण्यांनी भरलेला. त्यातली लहान मुलगी जेवणाच्या टेबलावर चढून बूट वाजवत नाचायची. आखातातल्या वादी कबीरच्या या फ्लॅटमध्ये शुक्रवारच्या सुट्टीत दुपारी तो लागायचा. रेवाच्या आईला, प्रेमाला, इंग्रजी फारसं कळत नसे, पण मुलगी टेबलावर चढली की तिचेही पाय सतरंजीवर हलायचे. आज प्रेमाचं वर्षश्राद्ध झालं होतं.

“ती लहानपणची लाव. एवढी गोड पोर, आणि ही काय घाण! किळस येते.”

“अ‍ॅक्टिंग आहे ती, बाबा,” म्हणत रेवाने टीव्ही बंद केला.

“भावजी बरोबर बोलतायत,” शेजारच्या नयनावहिनी म्हणाल्या. “माणसाचं चांगलं तेवढं डोळ्यांपुढे ठेवावं.” त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे हार घातलेली प्रेमा होती, लग्नातली, नथ घातलेली. “हा फोटो लावलात ते बरं केलंत. शेवटी शेवटी बघवत नव्हतं हो तिच्याकडे. मी तर येणंच सोडलं होतं.”

भानुदासांनी वाटी उचलून खिरीचा एक चमचा तोंडात घातला. ते उठले, बेसिनपाशी गेले आणि थुंकले. केमोनंतर प्रेमा याच बेसिनवर वाकायची तेव्हा ते तिचं कपाळ धरून उभे राहत. एकदा ओकून झाल्यावर तीही हसली होती. “टक्कल दाबू नका, घसरतोय हात,” म्हणाली होती.

ते बाहीला तोंड पुसत बाहेर आले.

“रेवा, मोबाइलमध्ये आईचा स्कार्फ बांधलेला फोटो आहे ना?”

“आहे. पण बाबा, त्यात ती फार...”

“उद्या मोठा करून आण.”

त्यांनी भिंतीवरच्या फोटोचा हार काढला. नयनावहिनींनी पदर सावरला आणि त्या दाराकडे निघाल्या.

“आणि ते मघाचंच लाव,” भानुदास रेवाला म्हणाले.

रेवाने तोच प्रसंग पुन्हा लावला. भानुदास हार मांडीवर घेऊन समोर बसले. बाई पुन्हा ओकू लागली. किळस आलीच. त्यांनी मान वळवली नाही.