माझ्या पोटाखालचं भोक

मित्रांनो, मी एका मोटरसायकलचा जुना सायलेन्सर आहे. जुना, आणि आता तर अर्धाच. दुसरा अर्धा भंगारात गेला. तुम्ही घाबरू नका. घाबरायचं काम माझं, आणि ते मी जन्मभर इमानेइतबारे केलं आहे.

माझा जन्म साध्या पोलादाच्या पत्र्यातून झाला. कारखान्यात पत्रा वळवला, आत जाळीची नळी बसवली, शिवण घातली आणि वर चकचकीत मुलामा चढवला. सगळ्यात शेवटी एका कामगार बाईने माझ्या पोटाखाली तांदळाच्या दाण्याएवढं भोक पाडलं. मला वाटलं, संपलं, मी नापास झालो! पण ते मुद्दाम पाडलेलं होतं. इंजिनाच्या धुरासोबत वाफ येते, सायलेन्सर थंड असला की तिचं पाणी होतं, आणि ते पाणी ठिबकून जायला ती वाट होती.

मी एका नर्सताईंच्या मोटरसायकलवर आलो. ताई घरोघरी जाऊन ड्रेसिंग बदलत, इंजेक्शनं देत. एका घरून दुसऱ्या घरी जायला आठ मिनिटं, फार तर दहा. मी कुठे जरा तापतोय तोवर गाडी बंद. पण ताईंना माझं कौतुक होतं. "किती शांत चालते हो गाडी! कधी आलात ते कळलंसुद्धा नाही," असं पेशंट म्हणत, आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

ताई आपल्या वडिलांबरोबर राहत. बाबांनी चाळीस वर्षं लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या होत्या. घरापुढच्या अंगणातली फरशीही त्यांच्याच हातची, दुधासारखी पांढरी. तिच्यावर रोज सकाळी माझ्या भोकातून काळपट थेंब पडत. बाबा ते पुसत, पुन्हा पडत, पुन्हा पुसत. शिवाय मित्रांनो, ज्याने चाळीस वर्षं फटी बुजवल्या, त्याला भोक दिसलं की चैन पडत नाही.

एका रविवारी बाबा खाली बसले, चष्मा पुसून मला निरखू लागले. "अगं, तुझी गाडी गळतेय!" ते आत हाक मारून म्हणाले. "राहू दे, मी बघतो." त्यांनी तापाला दाद न देणारं फटी बुजवायचं करडं लुकण मळलं, ते माझ्या भोकात दाबलं आणि वरून अंगठा फिरवला. काम इतकं सुबक झालं की भोक होतं हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. मी आतल्या आत ओरडलो, अहो बाबा, नका हो! पण ज्याचं नावच सायलेन्सर, त्याचं ओरडणं कोण ऐकणार?

फरशी स्वच्छ राहू लागली. बाबा खूश, ताई खूश. माझ्या पोटात मात्र पाणी साठत गेलं. रोज आठ मिनिटं कोमट आणि मग गार. दोन वर्षांत मी आतून कुजलो. वरून मुलामा तसाच चकचकत होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. मग पाण्याच्या रेषेवरची माझी शिवण उसवली आणि तिथून धुराचा गरम झोत थेट ताईंच्या घोट्यावर येऊ लागला. आवाजही फाटला. मित्रांनो, तेव्हा मला स्वतःची इतकी लाज वाटली! एका संध्याकाळी ताईंनी मोजा काढला तर घोट्यावर फोड आला होता. दिवसभर दुसऱ्यांच्या जखमा बांधणाऱ्या ताईंनी आपली जखम गुपचूप बांधली आणि वर सलवार ओढून घेतली. बाबांना कळलं तर त्यांच्या जिवाला घोर लागेल, असं त्यांना वाटलं असणार.

शेवटी आवाजाला वैतागून ताईंनी मला ठिणगीमावशींच्या दुकानात नेलं. मावशी सायलेन्सर बनवत. सतत वेल्डिंग करत, म्हणून हे नाव पडलेलं. बाबाही बरोबर आले. मला काढून कोपऱ्यात ठेवलं आणि टेबलावर चार नवे मांडले. माझी धडधड वाढली.

बाबांनी काळ्या जाळीदार विणीचा कार्बन फायबरचा उचलला. "हा घे. याला गंज चढायचा नाही."

"काका, तो फक्त अंगरखा आहे," मावशी हसल्या. "आतली नळी धातूचीच. आणि गाडी पडली की तडकतो."

ताईंनी टायटॅनियमचा हातात घेतला. "अगदीच हलका आहे हो. गाडी स्टँडला लावताना बरं पडेल."

"गंजत नाही, हलकाही आहे. पण पत्रा पातळ, आवाज खणखणीत. तुमच्या पेशंटना चालेल का? साधं पोलाद घ्याल तर ते पुन्हा याच्या वाटेने जाईल. स्टेनलेस स्टील घ्या. जरा जड आहे, तापून पिवळसर पडेल, पण दणकट. घरोघरी थांबत जायचं, तर हाच बरा."

ताईंनी मान डोलावली. बाबांनी तो नवा स्टेनलेसचा सायलेन्सर उलटा केला, आणि मित्रांनो, त्यांचा अंगठा त्याच्या पोटाखालच्या भोकावर थांबला. "हं," ते स्वतःशीच पुटपुटले आणि त्यांनी खिसा चाचपला. त्या खिशात लुकणाची डबी होती, मला पक्कं ठाऊक होतं! स्टेनलेस झाला म्हणून काय झालं, रोज त्या पाण्यात बसला तर त्याचीही शिवण कधीतरी जाणार. पुन्हा तोच झोत, पुन्हा तोच घोटा. कसं सांगू, कुणाला सांगू? माझा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात मावशींनी मला भंगाराच्या ढिगाकडे न्यायला उचललं. माझ्या पोटात खळ्ळ झालं.

मावशी थांबल्या. त्यांनी मला कानाशी धरून हलवलं. "एवढं पाणी कुठून आलं याच्यात?"

त्यांनी ग्राइंडर उचलला. एरवी त्या चाकाच्या नुसत्या आवाजाने मी गारठलो असतो. त्या दिवशी मात्र मी मनापासून म्हणालो, कापा मावशी, पार उभा कापा मला!

मी उघडलो. गंजाचं तांबडं पाणी जमिनीवर पसरलं. मावशींनी खालच्या पत्र्यातलं करडं लुकण नखाने टोकरलं. "पाणी जायची वाट बुजवलीय. एवढं सफाईचं काम कुणी केलं?"

बाबांनी ते लुकण बोटांनी दाबून पाहिलं. मग बाबा म्हणाले, "मी."

मावशींनी उसवलेली शिवण दाखवली. "इथून सगळा झोत पायावर येत असणार."

बाबांनी ताईंच्या पायाकडे पाहिलं. ताईंनी पाय मागे घेतला, पण उशीर झाला होता. बाबा फरशी बसवायला बसत तसे उकिडवे बसले, त्यांनी सलवारीची कड वर केली आणि पट्टी पाहिली.

"पोरी, बोलली का नाहीस?"

"तुम्हाला काळजी लागली असती, बाबा."

"आणि मी तुझी गाडी जपत होतो!" बाबा म्हणाले. त्यांनी खिशातली डबी काढून मावशींच्या टेबलावर ठेवली. परत येताना ती त्यांनी घेतली नाही.

माझा खालचा अर्धा मात्र बाबांनी मागून घेतला. त्याच्या कडा हातोडीने मुडपल्या, भोक उघडंच ठेवलं आणि त्याखाली एक डबा ठेवला. आता मी अंगणात त्या नव्या सायलेन्सरच्या खाली पन्हळीसारखा पडून असतो. सकाळी त्याचे थेंब माझ्यावर पडतात आणि माझ्या भोकातून डब्यात जातात. फरशी पांढरी राहते.

रोज ताई निघायच्या आधी बाबा गुडघे धरत खाली वाकतात. त्यांचा अंगठा अजूनही नव्या सायलेन्सरच्या भोकापाशी जातो, आणि दर वेळी मला वाटतं, झालं, आता बुजवणार! पण ते फक्त भोक मोकळं आहे ना, एवढंच चाचपतात. मग उठताना ताईंचा घोटा बघतात. तिथे आता फक्त एक गुळगुळीत डाग उरला आहे.

मित्रांनो, आपल्या वस्तूंना जपा, आपल्या माणसांना तर जपाच. पण काही बुजवण्याआधी एकदा विचारा, हे कशासाठी आहे? आणि कुठे भाजत असेल, तर लपवू नका. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.