काचेवरचा रंग

मी नव्या पेठेतल्या शरणप्पांच्या स्टुडिओतला सागवानी कॅमेरा. मुंबईच्या एका सुताराने माझी पेटी घडवली, तिला चामड्याचा भाता लावला आणि पुढे पितळी कड्यात भिंग बसवलं. माझे पहिले मालक म्हातारपणी गावी निघून गेले. जाताना त्यांनी मला शरणप्पांच्या हवाली केलं. आपली कला मात्र बरोबर नेली.

शरणप्पांना शिकवणारं कोणी नव्हतं. ते आपल्या पत्नीला, सावित्रम्मांना, माझ्यासमोर बसवत आणि चुकत. भर उन्हात डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे उमटले. मग त्यांनी छताच्या काचेखाली धोतर ताणलं, आणि चेहरा मऊ उजळला.

"आत्ता कुठं माझे डोळे जागेवर आले!" सावित्रम्मा म्हणाल्या.

एकदा बजाबाई आपल्या सुनेला, मथुरेला, घेऊन आल्या. मथुरेचा नवरा कुंडलिक क्वेट्ट्याच्या पलटणीत होता. दोन दिवाळ्या तो घरी आला नव्हता, म्हणून त्याने फोटो मागवला होता. त्याने धाडलेलं आकाशी लुगडं नेसून मथुरा माझ्यासमोर बसली. पोलिसांनी धरून आणावं तशी ताठ. माणसं माझ्यासमोर अशीच बसतात.

फोटो छापून हाती आला, तर लुगडं पांढरंफटक आणि कुंकू काळं!

"माझा ल्योक जित्ता हाय की!" बजाबाई कडाडल्या. "फोटूवाल्या, माझ्या सुनंला पांढरं नेसवलंस व्हय? फाड त्यो कागद. आता फोटूबिटू काय न्हाय!"

मथुरा मात्र कागद हातातून सोडेना.

त्या गेल्यावर सावित्रम्मांनी आपल्या कपड्यांच्या ट्रंकेतले चोळीचे खण काढून दोरीवर टांगले. "अहो, ह्यांचा काढा बघू."

काढला. निळा खण पांढरा आला, तांबडा काळा, हिरवा राखी! फोटो उमटवायला माझ्यात मसाला लावलेल्या काचा बसवतात, त्यांचा तो गुणच होता. शरणप्पा मोठ्याने हसले. इतके दिवस ते उजेड शिकले होते, आता रंग कळला.

त्यांनी सासू-सुनेला बोलावून घेतलं. बजाबाईंनी एकेक खण फोटोशी लावून पाहिला.

"म्हंजी तांबडं काळं येतं?"

"व्हय, आजी. कुंकू बी तसंच," शरणप्पा म्हणाले.

"मग कुंकवाच्याच रंगाचं नेसंल की ती! कुंडलिकाला तोंड बघायचं हाय, लुगडं न्हाय."

घरी जाऊन त्यांनी स्वतःच्या लग्नातलं तांबडं लुगडं आणलं आणि सुनेला नेसवलं. या खेपेला धोतर थोडं डावीकडे सरकवून शरणप्पांनी फोटो घेतला. लुगडं काळंभोर उमटलं, चेहरा उजळ.

"चंद्रकळा नेसल्यावानी दिसतीया!" बजाबाई म्हणाल्या. मथुरेने हात पुढे केला, तर त्यांनी फोटो पदराखाली घेतला. "उद्या धाडू क्वेट्ट्याला. आज ऱ्हाऊ दे माझ्यापाशी."

आता माझ्या भात्याला ठिगळं आहेत, पण भिंग ठणठणीत आहे. दूरदेशी कुणी तुमची वाट पाहत असेल, तर या. काय नेसायचं ते सावित्रम्मा सांगतील. चेहऱ्याचं मी बघून घेईन.