एकाच कापडाच्या दोन गाद्या

माझा नवरा मला नेहमी म्हणायचा, छबू, तुझ्या आधी तुझी जीभ ओटा उतरते. मी त्याच्यावर डाफरायची. आता तो नाही, नाहीतर पाय धरले असते त्याचे.

आमच्या रनाळ्यात माझ्या घराला भिंत लागून सलाउद्दीन पिंजाऱ्याचं घर. गाद्या-रजया शिवायचं त्याचं काम. कापसाच्या धुळीनं छाती पार गेलेली, चार पावलं चालला की दम लागायचा. बायको खातून सहा वर्षांपूर्वी गेली. मागं एकुलती इरम. तिची वेणी मी घातली, तिला तापात मांडीवर मी घेतलं. मला ती छबूमाय म्हणायची.

यंदा पोरगी बी.एस्सी.ला कॉलेजात पहिली आली, आणि पुढं एम.एस्सी.साठी दोन विद्यापीठांनी तिला बोलावलं. एक दिल्लीचं, एक हैदराबादचं. दोन्हींचं नाव सारखंच मोठं, दोन्हीकडं शिष्यवृत्ती. महिनाभर पोरीनं माझं डोकं खाल्लं. मी पोळ्या लाटतेय आणि ही चुलीपाशी बसून हिथले सर असे, तिथली प्रयोगशाळा तशी.

एकदा मी वैतागले. "जठे दाय-भात धड भेटी, तठे जाय व माय!"

खो खो हसली. शहाणी होती, पण निवड काही होईना.

सलाउद्दीनभाऊ मात्र एक अक्षर बोलत नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "भाभी, मी तोंड उघडं की ती मन्हा मनसारखं करी. तिले ठराऊ द्या." हे त्यानं मला सांगितलं होतं. मला! तरी माझी अक्कल कुठं शेण खायला गेली होती?

होकार कळवायची मुदत संपायच्या आठवड्यात एका दुपारी मी ताक द्यायला त्याच्याकडं गेले. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं. आत लालभडक फुलाफुलांच्या नव्या कोऱ्या दोन गाद्या, एकाच कापडाच्या, गुंडाळून ठेवलेल्या. पिंजाऱ्याच्या घरात अशी लाल जोडी एकदाच शिवतात, लेकीच्या लग्नाला. खातूनही अशीच जोडी घेऊन आली होती, मी डोळ्यांनी पाहिलेली. मी आत गेले नाही, हात लावला नाही. ताक ठेवलं आणि घाईघाईनं परत आले.

इरम माझ्याच ओट्यावर बसली होती. मी उचलली जीभ अन् लावली टाळ्याला.

"काय व, लपाडतस का मन्हापाईन? तुन्हा बाप गाद्यास्नी जोडी शिवी ऱ्हायना. पाव्हना कोठला शे?"

तिनं मान खाली घातली. मला वाटलं, लाजली. मी तिची हनुवटी धरून वर म्हटलं, बापाची छाती ही अशी, त्यानं केलं ते बरंच केलं.

ती उठून घरात गेली. मागच्या खोलीत डोकावली असणार. बापाला तिनं काही विचारलं नाही. त्यानं कुणाला शब्द दिला असेल तर आपल्यामुळं तो खाली पडू नये, एवढंच तिच्या मनात. आणि बाप तिला विचारत नव्हता, कारण निवड तिची होती. दिल्लीला मोबाईलवर होकार द्यायची मुदत शुक्रवारी संपली. हैदराबादची रविवारी.

सोमवारी सकाळी तो खोकत खोकत दोन्ही गाद्या ओट्यावर घेऊन आला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला इतका खुशीत पाहिला. मला हाक मारली, इरमला हाक मारली.

"ही जाड दिल्लीनी, तठे थंडी भलती. ही हलकी हैदराबादनी. लेक घर सोडी जाई ऱ्हायनी, म्हनीसन लाल कापड. जी ठराई व्हई ती लई जाय, बेटा. बोल, कोनती?"

इरम बघतच राहिली. मग खाली बसली आणि दोन्ही गाद्यांवरून हात फिरवला. एक गच्च भरलेली, दुसरी निम्म्या कापसाची. आंधळ्यालाही हातानं कळलं असतं. मी हात लावला नव्हता.

"अब्बा," ती म्हणाली, "दोन्ही मुदती सरी गयात."

त्याला कळेना. तिनं सगळं सांगितलं, माझ्याकडं एकदाही न बघता. माझं नावही घेतलं नाही, "माले वाटनं" एवढंच म्हणाली. मग मीच किंचाळले, "मी सांगं व्हतं तिले! मी!"

तो तसाच ओट्यावर खाली बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यानं लेकीला विचारलं, "मुदत सरी नसती तं कोनती लेती तू?"

तिनं हलकी गादी जवळ ओढली. "हैदराबाद. माले भेटाले तुम्ही येतात ना. दिल्लीनी थंडीमा तुम्हले दम लागता."

त्यानं टोपी काढून डोळ्यांवर धरली.

पुढल्या वर्षी पुन्हा प्रवेशाची परीक्षा देईन, असं इरम म्हणते. पण दिवाळीनंतर बापानं अंथरूण धरलं, त्याला सोडून ती आता कुठं जाते? बापाचं गाद्यांचं काम तीच करते. मी ताक घेऊन जाते, ती घेते, तब्येत विचारते. तोंडात कधी वाकडा शब्द नाही.

फक्त आता मला छबूबाई म्हणते.