या एकदा जेवायला

मी एक वही बोलतेय. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, अप्पा बळवंत चौकात घेतलेली. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू आपली सेवा, आपला त्याग वगैरे सांगतात. माझ्याकडे तसलं काही नाही. मला एक लाजिरवाणी गोष्ट तेवढी माहीत आहे, आणि तिच्यात माझाही हात आहे.

साल नव्व्याण्णव. आमचे यज्ञेश्वर तेव्हा सव्वीस वर्षांचे, नारायण पेठेतले, सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. ऑफिसने सहा महिने जर्मनीला पाठवायचं ठरवलं, तसे ते नीरजामॅडमच्या जर्मनच्या वर्गाला जाऊ लागले. माझ्या डाव्या पानावर मराठी वाक्य, उजव्या पानावर त्याचं जर्मन.

"स्टेशन कुठे आहे, हे आधी शिका," मॅडम म्हणाल्या.

"ते पुस्तकात आहे. मी रोज बोलतो तेच सांगा ना."

मग माझ्यात उतरलं ते असं: कसं काय, बरंय ना? तुमचं जेवण झालं का? या एकदा घरी जेवायला. अहो, कधीही या, आपलंच घर आहे. वाक्यं अगदी शुद्ध होती. मॅडमनी स्वतः तपासली होती.

तिकडे ते पुण्याच्याच तिघा सहकाऱ्यांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायचे. शनिवारी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात मशीनवर कपडे धुवायला जायचे. तिथे ती यायची. लाल मफलर, हातात विणकाम. कपडे धुऊन होईपर्यंत विणत बसायची. यज्ञेश्वरांनी दोन शनिवार मला मांडीवर उघडं ठेवून नुसता घसा खाकरण्यात घालवले. तिसऱ्या शनिवारी, सकाळी साडेदहाला, धीर करून विचारलं, "तुमचं जेवण झालं का?"

तिने घड्याळाकडे पाहिलं. "अजून नाही. का?"

आता ‘का’चं उत्तर कुणाकडे असतं? आपल्याकडे हा प्रश्न विचारतात आणि पुढे चालू लागतात. स्वारी कानापर्यंत लाल झाली. पण तिला गंमत वाटली असावी. तिने मला हातात घेतलं, चार उच्चार समजावले, पेन्सिलीने माझ्या समासात काहीबाही लिहिलं. तिच्या बोटांना साबणाचा वास येत होता. मला ती फार आवडली. त्यांनाही आवडली, कारण पुढच्या आठवड्यापासून ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून कपडे धुवायला निघायचे.

महिन्याभराने एकदा निरोप घेताना ते म्हणाले, "या एकदा घरी जेवायला."

पेठेत हे जिन्यात उभं राहून म्हणतात. कुणी येणार नाहीये, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. तिने मात्र पिशवीतून डायरी काढली.

"कधी?"

"कधीही या, आपलंच घर आहे."

"येत्या शनिवारी? संध्याकाळी सात?"

"हो हो, या की." आणि माझंच पान फाडून पत्ता लिहून दिला. घरी आल्यावर सुदर्शनला, म्हणजे खोलीतल्या जोडीदाराला, म्हणाले, "येते म्हणाली. कसली येतेय!" मी गप्प बसले. वह्या बोलत नाहीत, ही आपली सबब.

शनिवारी सातच्या ठोक्याला बेल वाजली. चौघांची खिचडी साडेसहालाच आटोपली होती आणि पातेलं भिजत पडलं होतं. लेंगा-बनियनवरच्या यज्ञेश्वरांनी दार चार बोटं उघडलं. बाहेर ती. हिरवा ड्रेस, नीट बांधलेले केस, एका हातात फुलं, दुसऱ्या हातात घरी केलेला केक.

‘आत या’ म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं. नुसता चहा चालला असता. पण हे तिला तिथेच उभं ठेवून आत पळाले, मला उचललं, भराभर पानं उलटली. दाराशी आलेल्या माणसाला विचारण्यासारखं एकच वाक्य माझ्यात होतं. तेच त्यांनी फटीतून वाचून दाखवलं, "तुमचं जेवण झालं का?"

आत सुदर्शन फिस्सकन हसला. त्याच्यामागे बाकीचे दोघे. हसत होते ते यज्ञेश्वरांना, पण तिला हे कसं कळावं? तिचा चेहरा पडला.

"तुम्ही मित्रांत पैज लावली होती का?" तिने हळूच विचारलं.

एवढं जर्मन त्यांना समजलं. उत्तरासाठी ते पुन्हा माझी पानं उलटू लागले. तिने फुलं आणि केक पायपुसण्यावर ठेवले आणि ती जिना उतरून गेली. केक त्या तिघांनी संपवला. यज्ञेश्वरांनी उरलेले दोन महिने कपडे बाथरूममध्ये धुतले.

दुसऱ्या दिवशी माझ्या एका डाव्या पानावर त्यांनी लिहिलं: ‘तुम्हाला आत या म्हणायला हवं होतं. मला तुम्ही फार आवडता. माझं चुकलं.’ उजवं पान कोरंच राहिलं. शब्दकोश टेबलावरच होता, छाती झाली नाही.

पुण्यात आल्यावर याचा किस्सा झाला. लग्नाकार्यात ते स्वतःच रंगवून सांगतात आणि पंगत हसते. पैजेचं तेवढं गाळतात. मला दर वेळी मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आता ते वाघोलीला राहतात, आणि मी माळ्यावर, जुन्या वायरींच्या खोक्यात. गेल्या महिन्यात कॉलेजात जर्मन शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने, स्वरालीने, मला खाली काढलं. "बाबा, हे होमवर्क राहिलंय तुमचं," म्हणाली आणि दोन मिनिटांत उजवं पान भरून टाकलं.

ते मला घेऊन बाल्कनीत बसले. ती तीन वाक्यं त्यांनी मोठ्याने वाचली.

"कुणाला पाठवायचंय का?" स्वरालीने विचारलं.

"नाव माहीत नाही गं. परक्या बाईला एकदम नाव कसं विचारायचं, म्हणून विचारलंच नाही."

म्हणून आज मी बोलतेय. माझी पानं आता सुटायला लागलीत, फार दिवस टिकायची नाही. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलंच, आणि पूर्वी एका हिंदुस्थानी मुलाच्या दारात केक ठेवून परत गेलेली कुणी बाई भेटलीच, तर तिला एवढंच सांगा. पैज नव्हती.